दर लॉटमधले १० टक्के नग तपासूनही सदोष माल पुढे का जातो?

तुम्ही विचारलंय की दर लॉटमधले १० टक्के नग तपासूनही ग्राहकाकडून तक्रारी येतात, तर नमुना घ्यायची कोणती पद्धत धरावी. मी याच कामात आहे. माझं पहिलं सांगणं, तो १० टक्क्यांचा नियम सोडा.

१०० नगांच्या लॉटमध्ये ५ सदोष आहेत आणि तुम्ही १० काढले, तर त्यात एकही सदोष न सापडण्याची शक्यता जवळपास ५८ टक्के आहे. उलट १०,००० च्या लॉटमधून १,००० नग तपासणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. आयएसओ २८५९-१ या नमुना-तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात साधारण तपासणी, पातळी २ आणि एक्यूएल (म्हणजे चालवून घेण्याजोगं सदोष नगांचं प्रमाण) २.५ टक्के धरला तर याच दोन लॉटना २० आणि २०० नग पुरतात. स्वीकाराची मर्यादाही तिथेच मिळते: २० मध्ये १ सदोष, २०० मध्ये १०.

पण नगांची संख्या बरोबर असली म्हणजे नमुना प्रातिनिधिक झाला असं नाही, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. समजा, ८ कॅव्हिटींचा, म्हणजे एकावेळी ८ नग घडवणाऱ्या ८ पोकळ्यांचा साचा आहे, माल त्याच क्रमाने पट्ट्यावर येतो आणि तुम्ही दर सोळावा नग उचलता. मग तुमच्या हाती कायम एकाच कॅव्हिटीचा माल येणार. तिसरी कॅव्हिटी झिजून फ्लॅश (नगाच्या कडेला येणारा जादा मालाचा पातळ पापुद्रा) सोडत असली तरी कागदावर सगळं ठीक! अशा ठिकाणी प्रत्येक कॅव्हिटीतून, प्रत्येक पाळीतून वेगळे नग घ्या, म्हणजेच स्तरित नमुना. माल एकजिनसी असेल, नीट मिसळलेला असेल, तर रँडम आकड्यांवरून नग निवडणं पुरे. मात्र पेट्या रचलेल्या असतील तर खालच्या आणि मधल्या पेट्याही उघडाव्याच लागतात. वरच्या थरातले हाताशी आलेले नग म्हणजे रँडम नव्हे.

म्हणून पद्धत ठरवण्याआधी तुमच्या मालात फरक कुठून येतो ते लिहून काढा: मशीन, साचा, पाळी, कच्च्या मालाची बॅच.

लॉट पास करायचा नसून चालू प्रक्रियेवर लक्ष ठेवायचं असेल, तर गणित वेगळं. तिथे ठरावीक वेळाने एकाच मशीनवरचे सलग ४-५ नग घेऊन त्यांची मापं कंट्रोल चार्टवर, म्हणजे वरची-खालची मर्यादा आखलेल्या आलेखावर मांडतात. हे नग मुद्दाम सलग घ्यायचे, म्हणजे सेटिंग सरकलं की लगेच दिसतं.

नमुन्याच्या प्रत्येक नगावर कॅव्हिटी आणि वेळ मार्करने लिहा. सदोष नग सापडला की कुठला माल अडवायचा हे लगेच कळेल, अख्खा लॉट उपसावा लागणार नाही.