वाचकांचे प्रश्न : जुन्या वाड्याच्या भिंतीला ओल

प्रश्न : वाईतला आमचा दगडी वाडा पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत द्यायचा आहे. खालच्या खोल्यांचा सिमेंटचा गिलावा फुगतो, रंग सुटतो. वॉटरप्रूफिंग करावे का?

उत्तर : कृपया करू नका. दगड-चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून बाहेर टाकते. सिमेंट आणि प्लास्टिक रंग ती वाट अडवतात; ओल आणखी वर चढते, क्षार साठतात, गिलावा सुटतो. वॉटरप्रूफिंगने हेच वाढेल.

आधी पन्हाळी, कौले आणि जोत्यालगतचा पाण्याचा निचरा दुरुस्त करा. अंगणातली फरशी जोत्याला भिडवली असेल तर हातभर पट्टा उघडा ठेवा. पाऊस संपल्यावर सिमेंट छिन्नीने हलके काढा. ब्रेकर लावला तर सांध्यांतला जुना चुनाही निखळतो. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, पाण्याबरोबर ते परत आत जातात. भिंत काही आठवडे उघडी राहू द्या.

गिलाव्यासाठी कळीचा चुना (भट्टीत भाजलेले चुन्याचे खडे) पाण्यात विरवून, चाळून, निदान महिनाभर पाण्याखाली मुरवा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. जोत्याजवळ एक चुना, एक सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), दोन वाळू. थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर तडे जातात. ओले गोणपाट लावून आठवडाभर तरी दमट ठेवा. त्यामुळेच हे काम एप्रिल-मेच्या उन्हात काढू नये. वरून फक्त चुन्याची सफेदी.