मॅडिसनला गाडीशिवाय, लहान मुलीसह राहायचं तर घर कुठे घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पीएचडीसाठी मॅडिसनला निघालाय, सोबत बायको आणि ३ वर्षांची मुलगी. पहिली २ वर्षं तरी गाडी घेणं परवडणार नाही. डिपार्टमेंटपासून चालत १० मिनिटांवर एक वन-बेडरूम मिळतंय, ते घेऊन टाकावं का?

घेऊ नका. निदान ‘डिपार्टमेंट जवळ आहे’ एवढ्याच कारणासाठी तरी घेऊ नका.

मी २०१८ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याहून मॅडिसनला आले, तेव्हा तुमच्या बायकोच्या जागी होते. नवऱ्याची पीएचडी, माझा एफ-२ व्हिसा (विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळतो तो) आणि साडेतीन वर्षांची मुलगी. आम्हीही अगदी असंच घर घेतलं होतं. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत, विद्यार्थ्यांनी भरलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नवरा ८ मिनिटांत लॅबमध्ये पोहोचायचा. त्या घराची सोय एवढीच होती, आणि हे कळायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला.

तुम्ही नकाशावर डिपार्टमेंट मध्ये ठेवून भोवती घरं शोधताय. पण घर ते डिपार्टमेंट ही फेरी तुम्ही दिवसातून एकदाच करणार, तीही एकट्याने, पाठीवर एक सॅक घेऊन. शहरातल्या बसचा पास विद्यार्थ्यांना फीमधूनच मिळतो, त्यामुळे लांब राहिलात तरी त्याचा वेगळा खर्च नाही. तुमच्या बायकोला तो पास मिळत नाही. तिचा व्हिसा एफ-२ असेल तर तिला नोकरीही करता येणार नाही, म्हणजे दिवसभर घर आणि मुलगी तिच्याकडे. दूध-भाजी, बाग, लायब्ररी, डॉक्टर, पुढे शाळा. आठवड्याच्या तिच्या फेऱ्या मोजल्यात तर तुमच्यापेक्षा दुप्पट भरतील, आणि प्रत्येक फेरीत मुलीचा हात धरलेला असेल. घर तिच्या फेऱ्यांवरून ठरवा. दोघांनी बसून कागदावर लिहून काढा.

आमच्या त्या पहिल्या घराजवळ खायची-प्यायची दुकानं चिक्कार होती, पण आठवड्याचा किराणा वाजवी दरात मिळेल असं चालत जाण्यासारखं काही नव्हतं. दूध इथे गॅलनच्या कॅनमध्ये स्वस्त पडतं. एक गॅलन म्हणजे जवळपास पावणेचार लिटर, ४ किलोचं ओझं. एका हातात कॅन, पाठीवर तांदूळ-कांदे, दुसऱ्या हाताने मुलगी, आणि बस बदलायची. ऑक्टोबरपर्यंत ते जमलं. मग बर्फ सुरू झाला. फुटपाथवरचा बर्फ काढायची जबाबदारी त्या-त्या घरमालकाची असते. बर्फ थांबल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत तो काढावा असा शहराचा नियम आहे, आणि बहुतेक लोक तो पाळतात. खरी अडचण कोपऱ्यावर येते. रस्ता साफ करणारी गाडी बर्फ कडेला ढकलत जाते आणि नेमकं क्रॉसिंगच्या तोंडाशी गुडघाभर उंच, दगडासारखा बांध तयार होतो. बाबागाडी त्यावरून जात नाही. उचलून न्यावी लागते, मुलीसकट.

२०१९ च्या जानेवारीअखेर मॅडिसनचं तापमान उणे ३२ सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. विद्यापीठानेही वर्ग बंद ठेवले. असे दिवस क्वचित येतात, त्याची धास्ती घेऊ नका. पण उणे १० हे जानेवारीत रोजचं आहे, त्यावर तळ्याचा वारा, आणि तशा हवेत लहान मुलीला घेऊन बसथांब्यावर २० मिनिटं उभं राहणं मी तुमच्या बायकोवर आणू देणार नाही. म्हणून अंतर मीटरमध्ये मोजू नका. थांबा दारापासून किती पावलांवर, बस किती मिनिटांनी, आणि कुठेही बस न बदलता किती ठिकाणं गाठता येतात, एवढं बघा.

आता जागांविषयी. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती ईगल हाइट्स. ही विद्यापीठाचीच वसाहत, कॅम्पसच्या पश्चिम टोकाला, मेंडोटा तळ्याच्या वरच्या टेकाडावर. मुख्यतः संसार असलेले पदव्युत्तर विद्यार्थी तिथे राहतात. विटांच्या बैठ्या, दुमजली इमारती, साधी घरं. एसी नाही, कपडे धुण्याची यंत्रं सामायिक. फोटो बघून तुमचं मन बसणार नाही, आमचंही बसलं नव्हतं. पण हीटिंग आणि इंटरनेट भाड्यातच येतं, आणि बाहेर घर बघताना लोक नेमकं हेच विसरतात. ऐन थंडीतलं हीटिंगचं बिल वेगळं येणार असेल तर स्वस्त वाटलेलं घर स्वस्त राहत नाही.

तिथून ८० नंबरची बस सुटते. ही कॅम्पसची बस, सगळ्यांना फुकट, पास असो वा नसो. तुमच्या बायकोला कॅम्पसमधल्या मेमोरियल युनियनपर्यंत (विद्यार्थ्यांचं मुख्य केंद्र) कधीही, कितीही वेळा जाता येईल. सत्र चालू असताना ती पाठोपाठ येते. सुट्टीत मात्र फेऱ्या कमी होतात, आणि हिवाळी सुट्टी म्हणजे डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी, म्हणजे ऐन गारठ्याचे दिवस. वेळापत्रक बघाल तेव्हा सत्रातलं बघून थांबू नका. सुट्टीतलं आणि रविवारचंही उघडून बघा. हे फक्त ८० ला नाही, कॅम्पसवरच्या सगळ्याच बसना लागू आहे.

विद्यापीठाचं हॉस्पिटल आणि त्याला लागून मुलांचं हॉस्पिटल ईगल हाइट्सपासून चालत जाण्यासारखं आहे. हे महत्त्वाचं का, तर गाडी नसलेल्या माणसाला रात्री ११ वाजता तापाने फणफणलेलं मूल घेऊन उबर बोलवावी लागते, आणि विस्कॉन्सिनच्या कायद्याप्रमाणे मूल ८ वर्षांचं होईपर्यंत (ठरावीक उंची-वजन आधीच ओलांडलं नसेल तर) मोटारीत त्याच्या वयाजोगं वेगळं आसन लागतं. उबरवाल्याकडे ते नसतं. गाडी नसली तरी एक कार सीट घेऊन ठेवा. वापरलेली घेणार असाल तर ओळखीच्यांकडूनच घ्या. अपघातातून गेलेली सीट वापरायची नसते, आणि ते वरून दिसत नाही. बसमध्ये असलं काही लागत नाही, गाडी नसलेल्यांना बस बरी पडते त्याचं हेही एक कारण.

शाळेचं सांगते. मॅडिसनमध्ये १ सप्टेंबरला ४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलांसाठी फुकट बालवाडी आहे, तिला ‘फोर-के’ म्हणतात. तुमची मुलगी पुढच्या वर्षी त्यात बसेल. ऐकायला फार छान वाटतं, आणि आहेही. पण फोर-केचे बरेच वर्ग अर्ध्याच दिवसाचे असतात. ३ तासांसाठी सोडायचं आणि परत आणायचं. शाळा दोन बसच्या अंतरावर असेल तर सोडून घरी पोहोचेपर्यंत परत निघायची वेळ होते. म्हणजे गाडी नसेल तर फोर-के चालत जाण्याच्या अंतरावर हवं, नाहीतर ते फुकट मिळूनही उपयोगाचं नाही. आम्ही २०१९ च्या उन्हाळ्यात ईगल हाइट्सला गेलो ते मुख्यतः याच हिशेबाने. मोठी मुलं शोरवुड हिल्सच्या प्राथमिक शाळेत जातात. आमची मुलगी पुढे तिथे गेली तेव्हा वर्गात किती भाषा बोलणारी मुलं आहेत हे घरी येऊन बोटांवर मोजून सांगायची.

आणि माणसं. हे मी शेवटी लिहितेय, पण माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं होतं. पहिल्या घरी मजल्यावरची सगळी मुलं विशीतली, रात्री २ ला परतणारी, शनिवारी फुटबॉलचा सामना असला की सकाळपासूनच दंगा. वाईट नव्हती, पण माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं, आणि माझ्याकडेही. सलग ४-५ दिवस नवरा आणि मुलगी सोडून कुणाशीच बोलले नाही असं व्हायचं. ईगल हाइट्समध्ये दुपारी ४ ला खेळाच्या मैदानावर गेलं की कोरियाची, नेपाळची, ब्राझीलची, आपल्याकडची, कुणी ना कुणी आई किंवा बाबा बाकावर असायचेच. अडीअडचणीला मूल तासभर ठेवायला घर मिळालं. एफ-२ वर आलेल्या कितीतरी बायका मी उदास होताना पाहिल्यात. त्यातल्या अनेकींचं दुखणं घराच्या जागेत होतं, आणि नवऱ्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्या बायकोच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका.

ईगल हाइट्सला प्रतीक्षा यादी असते, ऑगस्टसाठी तर हमखास. विद्यापीठाच्या हाउसिंग विभागाकडे आजच अर्ज करा. लगेच नाही मिळालं तर यादीत नाव राहू द्या आणि बाहेरचं घर बघा.

बाहेर बघायचं तर शेबॉयगन अव्हेन्यूचा भाग बघा. कॅम्पसपासून पश्चिमेला, अपार्टमेंटच्या मोठ्या इमारती, परदेशी कुटुंबं बरीच. रेनेबोम पार्क शेजारी, हिलडेलची दुकानं (टार्गेट आणि मेटकाफ्स, म्हणजे किराणाही) चालत जाण्यासारखी. सप्टेंबर २०२४ पासून ‘रॅपिड ए’ ही लांबलचक जोडबस याच भागातून युनिव्हर्सिटी अव्हेन्यूने कॅम्पस आणि तिथून कॅपिटॉलपर्यंत (राज्याचं विधानभवन) जाते. दिवसा १५ मिनिटांनी बस आणि कुठे बदलायची नाही, हे आमच्या वेळी नव्हतं. ही बस फुकट नाही. तिकीट २ डॉलर, ५ वर्षांखालच्या मुलांना नाही. आज मला ईगल हाइट्स मिळालं नाही तर मी इथेच घर घेईन. जुन्या वाचलेल्या माहितीवर मात्र जाऊ नका, कारण जून २०२३ मध्ये शहराने बसचे सगळे मार्ग नव्याने आखले. त्याआधीच्या सल्ल्यातले नंबर आता जुळणार नाहीत.

दक्षिणेला विलास पार्कच्या आसपासही लोक राहतात. प्राणिसंग्रहालय फुकट, तळं, मोठी झाडं, सुंदर भाग. घरं जुनी आणि लाकडी, थंडी आत येते. हीटिंगचं विचारल्याशिवाय हो म्हणू नका. स्टेट स्ट्रीट आणि लँगडनच्या बाजूला कुटुंबासाठी बघूच नका, तो सगळा विद्यार्थ्यांचा भाग.

तारखांचा एक घोळ आधीच माहीत असू द्या. कॅम्पसच्या आसपासचे बहुतेक भाडेकरार १५ ऑगस्टला सुरू होऊन पुढच्या वर्षी १४ ऑगस्टला संपतात. त्या एका दिवसात अर्धं गाव घर बदलतं. तुमचं विमान १० तारखेला उतरत असेल तर मधल्या ५ रात्री कुठे काढायच्या ते तिकीट काढण्याआधी ठरवा. त्या आठवड्यात हॉटेलं महाग असतात. त्याच दिवसांत लोक टेबलं, खुर्च्या, दिवे फुटपाथवर ठेवून जातात आणि ज्याला हवं तो उचलतो. आमचं जेवणाचं टेबल तसंच आलेलं, अजून आहे. गाद्या आणि सोफे मात्र उचलू नका. ढेकूण घरात आले की भाड्याच्या घरातून ते काढणं फार जिकिरीचं होतं.

घरात शिरलात की पहिल्याच दिवशी सगळ्या खोल्यांचे फोटो काढा. राज्याच्या नियमाने आधीच्या नुकसानीची यादी द्यायला तुम्हाला ७ दिवस मिळतात, आणि घर सोडल्यावर घरमालकाने डिपॉझिट किंवा कापलेल्या पैशांचा लेखी हिशेब २१ दिवसांत द्यायचा असतो. आम्ही यादी भरली नाही. आधीपासून असलेल्या गालिच्यावरच्या डागाचे पैसे आमच्या माथी पडले, आणि त्या वेळी ती रक्कम आम्हाला जड गेली.

तुम्हाला मिळणाऱ्या त्या वन-बेडरूमच्या मालकाला करार पाठवण्याआधी एक मेल लिहा: हीटिंग भाड्यात आहे का, भाडं अख्ख्या घराचं आहे की माणशी, इमारतीत दुसरी लहान मुलं आहेत का, बाबागाडी खाली ठेवता येते का. उत्तरं आली की ती बायकोला वाचायला द्या, आणि तिला नको वाटलं तर तेवढं कारण पुरेसं धरा.

ईगल हाइट्स मिळालं तर अजून एक अर्ज करायचा आहे. वसाहतीला लागून मोठी सामायिक बाग आहे, रहिवाशांना त्यात वाफे मिळतात. वसंतात त्याची नोंदणी होते, म्हणजे पहिल्या वर्षी तुमची हुकेल, पण दुसऱ्या वर्षी चुकवू नका. आमच्या वाफ्यात जूनमध्ये मेथी इतकी यायची की शेजारच्या कोरियन आजींना जुडी द्यायची मी, आणि त्या मला पालेभाजीची त्यांची कसलीशी रोपं. मेथीचं बी येताना घेऊन येऊ नका, बिया आणण्यावर इथे बंधनं आहेत. भारतीय दुकानातली स्वयंपाकाची मेथी पेरली तरी उगवते.