बाराशेची जोडी, सात लाखांचा खर्च

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. परीक्षा संपली की तिला सशांची जोडी हवी आहे. दुकानदार जोडी १,२०० रुपयांना देतोय, पिंजरा वेगळा, २,००० चा. ताईंच्या आवर्ती ठेवीचे ६०,००० याच महिन्यात हातात आलेत, त्यातून ससे आणावेत असा विचार आहे. ‘कुत्र्यापेक्षा ससा परवडतो, फिरवायला न्यायला नको, गाजर-पाला टाकला की झालं,’ असं त्या लिहितात. यजमानांचं म्हणणं, पिल्लं झाली की विकू, खर्च सुटेल. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ६८,०००. त्यातून घराचा हप्ता २१,५००, घरखर्च २४,०००, शाळा-शिकवणी ६,५००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक) ५,००० आणि सुकन्या समृद्धीचे ३,००० गेले की ८,००० उरतात. बचत खात्यात ८०,००० आहेत.

ताई, उत्तर आधीच सांगतो. ससे आणा, पण आत्ता नको. आणि त्या ६०,००० मधून तर मुळीच नको.

तुम्ही किमतीकडे बघताय, मी महिन्याच्या खर्चाकडे बघतोय. नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. त्याच्या खाण्यात ऐंशी टक्के तरी गवत हवं. गाजर हा त्याचा खाऊ, जेवण नव्हे. दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात, म्हणून तिथे काटकसर केलीत तर तो पैसा पुढे डॉक्टरकडे जाईल. बाहेरून येणारं पाकीटबंद टिमोथी गवत महाग पडतं. दोन सशांना महिन्याला तीन किलो धरलं तर १,८०० रुपये. रोजच्या पालेभाजीचे ८०० (मे महिन्यात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी कुठे जाते ते तुम्हाला सांगायला नको), गोळी खाद्य आणि खाली पसरायच्या कागदी भुश्याचे ६००, उन्हाळ्यातल्या जादा विजेचे वर्षभरात वाटून ३००, आणि औषधपाण्यासाठी बाजूला १,०००. झाले ४,५००. हे माझे अंदाज आहेत, तुमच्या भागात चार-पाचशे इकडे-तिकडे होतील. ओळखीच्या गोठ्यावरून बुरशी नसलेलं, फवारणी न झालेलं सुकं गवत मिळालं तर गवताचा खर्च निम्म्यावर येईल. मात्र लसूणघास हा चारा स्वस्त मिळतो म्हणून मोठ्या सशांना रोज घालू नका. त्यात कॅल्शियम जास्त असतं, मुतखड्याचा त्रास होतो.

वर्षाचे ५४,०००. महागाई ६ टक्के धरली तर दहा वर्षांत सात लाखांच्या वर. हेच पैसे एसआयपीत टाकले असते तर किती झाले असते, हा आमच्या धंद्यातला आवडता हिशेब मी इथे करणार नाही. लेकीच्या हौसेवर परतावा मोजायचा नसतो. पण दहा वर्षांनी ती एकोणीस वर्षांची असेल, कदाचित पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर. तेव्हा सकाळी ट्रे साफ करणारे हात तुमचे असतील. ही जबाबदारी आज मुलीच्या नावाने घेताय, पण सही तुमची आहे.

आता ‘आत्ता नको’ का, ते सांगतो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा तिशीपलीकडे गेला की त्याचे हाल सुरू होतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात तो ४५ च्याही वर जातो. दुपारी तुम्ही दोघं ऑफिसात, बाल्कनीत पिंजरा, म्हणजे आठवडाभरात काय होईल ते लिहवत नाही. ससे घरातल्या थंड खोलीतच हवेत. कूलर असेल तर ताट्या ओल्या ठेवून, खिडकी थोडी उघडी टाकून भागतं, रोजचे दीड-दोन युनिट जातात. एक टनाचा एसी आठ तास चालला तर रोजचे सहा-सात, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास. महावितरणचं घरगुती बिल १००, ३००, ५०० अशा टप्प्यांनी चढतं आणि वरच्या टप्प्यातलं युनिट बरंच महाग असतं. तुम्ही उन्हाळ्यात २५० वर असाल तर हे दोनशे युनिट तुम्हाला थेट तिसऱ्या टप्प्यात नेतील. आधीच्या हिशेबातले जादा विजेचे ३०० रुपये मी कूलर धरून लिहिलेत.

डॉक्टरच्या खर्चाबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही, आणि मला काळजी नेमकी तिथेच आहे. ससा दुखणं लपवतो. संध्याकाळचं गवत तसंच पडलंय, ट्रेमध्ये लेंड्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा बारीक आहेत, आणि तो कोपऱ्यात पाठ गोळा करून बसलाय, एवढंच दिसतं. अर्धा दिवस त्याने काही खाल्लं नाही तर आतडं थांबतं आणि जीव जाऊ शकतो. ‘उद्या बघू’ चालत नाही, रात्रीच धावावं लागतं. शिवाय कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर सशांवर उपचार करतोच असं नाही. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाला घातक ठरू शकतं. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलही तसंच. विम्याचा आधार धरू नका, आपल्याकडच्या पाळीव प्राण्यांच्या पॉलिसी मुख्यतः कुत्र्या-मांजरांच्या आहेत. पैसे तयार नसले तर क्रेडिट कार्ड पुढे येतं, आणि थकबाकी राहिली की व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास.

यजमानांची योजना मी प्रेमाने बाद करतो. मादी चार-सहा महिन्यांत वयात येते, महिनाभरात विते, एका वेताला चार-सहा पिल्लं सहज होतात, आणि व्यायल्याबरोबर ती पुन्हा गाभण राहू शकते. जो दुकानदार तुम्हाला जोडी १,२०० ला देतोय तो तुमची पिल्लं काय भावाने घेईल? तोवर त्यांना आठ आठवडे पोसायचं, ते वेगळंच. (ससेपालनाची ‘पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ’ छाप जाहिरात कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर तिच्याकडेही बघू नका.) दोघांचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. मादीचं तर नक्कीच, कारण ते न झालेल्या माद्यांमध्ये वयानुसार गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. ‘दोन्ही माद्याच आहेत’ या दुकानदाराच्या शब्दावरही राहू नका, लहान पिल्लांत नर-मादी ओळखताना सर्रास चूक होते. निम्म्या खर्चात एकच आणू, असंही मनात येईल. पण ससा कळपातला प्राणी, दिवसभर रिकाम्या घरात एकटा राहिला तर कुढतो.

तर ६०,००० चं काय? हप्ता, घरखर्च आणि शाळा मिळून तुमचं घर ५२,००० वर चालतं. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांची तजवीज म्हणजे ३,१२,०००. तुमच्याकडे ८०,००० आहेत. ठेवीचे ६०,००० मिळवले तरी तीन महिनेही निघत नाहीत. म्हणून ते आजच स्वीप-इन मुदत ठेवीत (बचत खात्याला जोडलेली, गरज पडली की आपोआप मोडणारी ठेव) टाका आणि विसरा.

सशांसाठी एप्रिलपासून ४,५०० ची नवी आवर्ती ठेव सुरू करा. ऑक्टोबरअखेर सात हप्त्यांचे ३१,५०० होतात, ससे तेव्हा आणायचे. मोकळं कुंपण, ट्रे, गवताची जाळी, न्यायची पेटी, फ्रिज-टीव्हीच्या वायरींना नळ्या (ससे वायरी कुरतडतातच) यांचे ८,००० आणि दोघांच्या ऑपरेशनचे अंदाजे १२,००० धरा. २,००० चा तो पिंजरा घेऊ नका, त्यात ससा धड उभाही राहत नाही. जोडीचे १,२०० गेले की १०,३०० उरतात, ती औषधपाण्याची पहिली पुंजी. महिन्याच्या ८,००० मधले उरलेले ३,५०० दरमहा घराच्या तजविजीत जाऊ द्या. या सात महिन्यांत दोन हप्ते चुकले तर समजा, ससे परवडत नाहीत. एसआयपी आणि सुकन्याला हात लावून हप्ता भरणं म्हणजे चुकल्यातच जमा.

मधल्या काळात एकदा मुलीला घेऊन सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जाऊन या. सशांचे डॉक्टर कोणत्या वेळी असतात, ऑपरेशनला किती लागतील, रात्री कुणाला गाठायचं, हे वहीत लिहून आणायचं काम तिलाच द्या. दिवाळीत गावी गेलात तर ससे कुणाकडे, हेही आत्ताच ठरवा.

आणि पावसाळ्यात जरा लक्ष ठेवा. सुट्टीत हौसेने घेतलेले ससे शाळा सुरू झाल्या की नकोसे होतात आणि लोक फुकट द्यायला निघतात. त्यात ऑपरेशन झालेली, एकमेकांना सरावलेली जोडी मिळाली तर तीच घ्या. ऑपरेशनचे आणि जोडीचे मिळून तुमचे १३,२०० वाचतील, ते त्याच औषधपाण्याच्या पुंजीत राहू द्या.