फोन ज्याचा, बोट त्याचं

प्रश्न : ताई, मी ६९ वर्षांची आहे, कोथरूडला एकटी राहते. मुलगा बेंगळुरूला असतो. दिवाळीत आला तेव्हा त्याने फोनवर सगळं नीट लावून दिलं, पण पैसे द्यायचं ॲप काढून टाकलं. ‘आई, तू त्या भानगडीत पडूच नकोस, रोज कोणीतरी फसतंय,’ म्हणाला. इकडे भाजीवाली सुट्टे नाहीत म्हणते, रिक्षावाला क्यूआर पुढे करतो. मला शिकायचंय. त्याला न सांगता शिकले तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काकू, जरूर शिका, आणि मुलाला सांगून शिका. पेन्शन तुमची, खातं तुमचं, त्यात लपवायचं काय?

मुलाची काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या दाराशी उभी आहे. भाजीच्या गाडीवर चाळीस रुपये देताना फारसं कोणी लुबाडलं जात नाही. मोठ्या रकमा जातात त्या फोन कॉलवर. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस दिसतो, ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात’ म्हणतो आणि तासन् तास कॉल बंद करू देत नाही. डिजिटल अरेस्ट असा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही. या सापळ्यात सापडलेली माणसं स्वतः बँकेत जाऊन, फॉर्म भरून आरटीजीएस करून आली आहेत. म्हणजे ॲप नसलं की माणूस सुरक्षित, हा हिशेबच बरोबर नाही. उलट आपल्या खात्यातून पैसे कसे जातात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला खोटं चटकन ओळखू येतं.

एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात बसवा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा खात्यातली शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी ना पिन लागतो, ना कोड स्कॅन करावा लागतो. ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका’ असं कोणी म्हणालं की तो लुटायलाच बसलाय. मग तो कितीही गोड बोलो, फोन ठेवून द्या.

आता गाडीवर उभ्या राहा. कोड स्कॅन केला की पडद्यावर नाव येतं. ते वाचा. भाजीवालीच्या कोडवर बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याचं नाहीतर मुलाचं नाव असतं, तेव्हा ‘हेच ना गं?’ म्हणून विचारून घ्या. तिला राग येत नाही, दिवसातून बरेच जण विचारतात. मग रक्कम घाला आणि पुन्हा वाचा, कारण ४० चे ४०० होतात ते इथेच. त्यानंतर पिन. मागे रांग लागली तरी लागू द्या. शेवटी गाडीवरचा डबा रक्कम बोलून दाखवतो आणि तुमच्या बँकेचा मेसेज येतो. दोन्ही झाल्याशिवाय पिशवी उचलू नका.

पेन्शनचं खातं या ॲपला जोडूच नका. दुसरं एखादं साधं बचत खातं जोडा आणि त्यात महिन्याच्या भाजी-दूध-रिक्षेपुरते पैसे ठेवा. समजा काही विपरीत झालंच, तरी तेवढ्यावर भागेल. सरावल्यावर यूपीआय लाइट बघा. त्यात हजार रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात आणि एका वेळी पाच हजारांहून जास्त रक्कम त्यात राहत नाही. पिन नसतो म्हणूनच फोनला कुलूप हवं. ते मुलाने लावून दिलं असेल, पण नंबर तुम्हाला तोंडपाठ पाहिजे.

शिकवणार कोण, याची मला जास्त काळजी आहे. शनिवारी आमच्या वाचनालयात मी ज्येष्ठांना फोन शिकवते. तिथे शिकवायला येणाऱ्या तरुण मुलांना माझा पहिला नियम असा, की हात पाठीमागे बांधायचे. ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हणून फोन काढून घेतला की काम होतं आणि शिकणं तिथंच थांबतं. बोट तुमचंच फिरलं पाहिजे. ते दहादा चुकीच्या जागी पडलं तरी चालेल. मुलाला सांगा, फोनवरून तोंडी सांग, मी करते. आणि एक विनंती, स्क्रीन शेअर करायची सवय त्याच्यासाठीसुद्धा लावून घेऊ नका. ठग नेमकं तेच मागतात. घरातल्यांना दाखवायची सवय झाली की परक्याला नाही म्हणायला जीभ अडखळते.

फ्रिजवर मोठ्या आकड्यांत १९३० लिहून ठेवा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. पैसे गेले असं कळलं की आधी हा नंबर, मग मुलगा. ज्या खात्यात पैसे गेले तिथे ते अडवायचे, तर मिनिटं मोजावी लागतात.

प्रश्न : बाणेरला आमच्या सोसायटीच्या गेटवर ॲप आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींचा फोटो आणि येण्या-जाण्याच्या वेळा त्यावर सगळ्यांना दिसतात, रहिवासी त्यांना तारेही देतात. आमच्या मावशी म्हणाल्या, ‘माझ्या नावापुढे काय लिहिलंय ते मला दाखवा की.’ मी दाखवलं. कोणीतरी ‘उशिरा येते’ म्हणून दोन तारे दिले होते. सेक्रेटरी म्हणतात, मी दाखवायला नको होतं. माझं चुकलं का?
– पस्तिशीतली वाचक, बाणेर

उत्तर : मुळीच नाही. हे काम सोसायटीने आपणहून करायला हवं होतं.

मावशींचा चेहरा, त्यांच्या दिवसाचं वेळापत्रक आणि त्यांच्याबद्दलचं मत शे-दोनशे घरांच्या फोनवर आहे, आणि ज्यांचं हे सगळं आहे त्यांच्याच फोनवर नाही. गेटवर नोंद असावी, सुरक्षेसाठी असावी, याला माझी हरकत नाही. पण मावशी आठ वाजून दहा मिनिटांनी गेटमधून आत आल्या, हे त्या ज्या घरी काम करत नाहीत त्या घराला कळायचं कारण काय? आणि ‘उशिरा येते’ लिहिणाऱ्याने कधी विचारलं का, की वारज्याहून निघालेली बस कुठे अडकली होती? घरं त्यांना तारे देतात. पगार दहा तारखेनंतर देणाऱ्या घराला मावशी कुठे तारे देणार?

मला याची चीड येते ती अशासाठी, की या ताऱ्यांवर पुढचं काम मिळतं किंवा हुकतं. एखाद्या भांडणात दिलेले दोन तारे त्या बाईला गेटबाहेर ठेवतात आणि तिला कारणही कळत नाही.

वार्षिक सभेची वाट न पाहता कमिटीला लेखी द्या. कामगारांना तारे द्यायची सोय बंद करावी. वेळा फक्त ज्या घरी काम आहे त्या घराला आणि खुद्द मावशींना दिसाव्यात. काम सोडल्यावर फोटो आणि नोंदी पुसाव्यात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. माहिती कशासाठी घेतोय ते सांगणं, ती पाहायला आणि पुसून मागायला मिळणं, या गोष्टी त्यात आहेत. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायला मिळायला हवी, असंही त्यात आहे, म्हणजे मराठीत. सेक्रेटरींना हे पत्रात लिहा. तोंडी बोललेलं कमिटीत विरून जातं.

प्रश्न : मी २० वर्षांचा. घरच्या ग्रुपवर काका डायबेटिसच्या गोळ्या बंद करून अमुक रस प्या असले मेसेज टाकतात. मी तिथेच ‘हे खोटं आहे’ लिहिलं तर आई म्हणाली, मोठ्यांना चारचौघांत असं बोलतात का? गप्प बसू?
– विद्यार्थी, सिंहगड रस्ता

उत्तर : गप्प बसू नकोस. गोळ्या बंद करायचा सल्ला ग्रुपवरच्या एखाद्या आत्याने मानला तर तिची साखर वाढेल, आणि तेव्हा कोण कोणाला उलट बोललं हे कोणी विचारणार नाही. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसं मारली. असे मेसेज तेव्हा फोनाफोनी फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

आईचंही एक म्हणणं बरोबर आहे, पण ते पद्धतीपुरतं. आधी काकांना फोन कर. ‘काका, तो मेसेज तुम्हीच काढून टाका ना, आत्याने खरंच गोळ्या सोडल्या तर?’ असं म्हण. टाकल्यापासून साधारण दोन दिवस त्यांना तो सगळ्यांसाठी पुसता येतो. त्यांनी स्वतः ‘तो मेसेज चुकीचा होता, गोळ्या बंद करू नका’ असं लिहिलं तर तुझ्या दहा मेसेजांपेक्षा ते जास्त जणांना पटेल. नाहीच ऐकलं, तर ग्रुपवर तू लिही, शांतपणे लिही, आणि ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका’ एवढंच लिही. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय, तेही काकांना दाखव.

प्रश्न : वडील गेले. ते स्थानिक इतिहासावर लिहायचे. १९९५ ते २००५ मधले त्यांचे लेख आमच्या ओळखीच्या डीटीपीवाल्याने टाइप करून सीडीवर दिले होते. आता फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मुलगा म्हणतो फाइल खराब झाली, टाकून द्या. खरंच काही उरलं नाही का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : दादा, टाकू नका! फाइल खराब झालेली नाही, बहुतेक सगळंच्या सगळं शाबूत आहे. मी नारायण पेठेत अनेक वर्षं डीटीपी केलं, तुमच्या वडिलांसारख्यांची हस्तलिखितं टाइप केली, म्हणून हे ठामपणे सांगते.

त्या काळचा फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली देवनागरी चित्रं. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असायचं. त्यावर तो फाँट चढवला की ‘क’ दिसायचा, उतरवला की खालचं चिन्ह उघडं पडतं. तुम्हाला आज तेच दिसतंय. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी आजची पद्धत. तिच्यात तसं नाही, तिथे ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि फाँट कोणताही लावा, तो क राहतो.

अडचण एवढीच, की फाँट बनवणाऱ्या प्रत्येकाची मांडणी, म्हणजे कोणत्या इंग्रजी अक्षराच्या जागी कोणतं देवनागरी चित्र हे, वेगळी होती. आपल्या पुण्यातलंच श्रीलिपी घ्या, पुण्यातल्याच सी-डॅकचं आयएसएम घ्या, एकाची फाइल दुसऱ्याच्या फाँटात उघडली तर गोंधळच दिसायचा. म्हणून फाँटचं नाव कळणं महत्त्वाचं. सीडीवरून सगळं उतरवून दोन प्रती करा आणि मूळ प्रतीला हात लावू नका. वर्डची फाइल असेल तर मजकूर निवडा, वर फाँटच्या चौकटीत नाव दिसेल. तो फाँट तुमच्याकडे नसला तरी नाव दिसतं. ‘श्री-देव’ने सुरू होत असेल तर श्रीलिपी, ‘डीव्ही’ने होत असेल तर बहुधा सी-डॅक. पेजमेकरची, म्हणजे पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, फाइल असेल तर ती आजच्या संगणकावर सहजासहजी उघडणार नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुना संगणक राखून असलेले डीटीपीवाले अजून आहेत, त्यांना गाठा आणि मजकूर बाहेर काढून घ्या.

नाव कळलं की त्या फाँटचा परिवर्तक, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, चालवायचा. तो चालवून झाल्यावरचं काम खरं, आणि ते घरच्याच माणसाने करावं. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफारही तसाच, तेव्हा अक्षरानंतर आणि आता अक्षराआधी. परिवर्तक इथेच ठेचकाळतो. ‘धर्म’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘दुसऱ्या’मधला आडवा र तर हमखास मोडतो, ‘दुसर्या’ होतो. इतिहासाच्या लेखात ‘साताऱ्याच्या’, ‘मोऱ्यांचा’, ‘किल्ल्यावर’ असे शब्द पानोपानी असणार. शक आणि सनांचे आकडे तर एकेक करून ताडा, कारण आकड्यातली चूक वाचताना खटकत नाही. लेख छापून आले असतील तर कात्रणं शेजारी ठेवा. छापील पानाचा फोटो वाचून मजकूर देणारी साधनं आता मराठीही बरीच नीट वाचतात. दोन्ही मजकूर जुळवले की चुका लवकर सापडतात.

मुलालाही यात घ्या. संगणक त्याच्या हाताखाली असू द्या, पण वाचायला तुम्ही बसा. वडिलांची वाक्यरचना तुम्हाला ओळखीची आहे, त्यांनी कुठे कोणता शब्द लिहिला असता हे तुम्हीच सांगू शकाल.

लेख इंटरनेटवर ठेवायचे असतील तर आधी भावंडांशी बोला. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, आणि वारस तुम्ही एकटे नसाल. पण ठेवा मात्र जरूर, युनिकोडमध्येच ठेवा, म्हणजे एखाद्या गावाचं नाव शोधणाऱ्याला तुमच्या वडिलांचा लेख सापडेल.

फाँटचं नाव ओळखता आलं नाही तर फाइलमधल्या एका पानाची, जशी दिसतेय तशी, छापील प्रत या मासिकाच्या पत्त्यावर माझ्यासाठी पाठवा. त्याच लेखाचं कात्रण असेल तर तेही जोडा. दोन्ही शेजारी ठेवून मांडणी कोणती ते शोधते आणि कळवते.