सोबत्याच्या हिंटवरून वॉकथ्रू कसा बांधावा? : वाचकांचे प्रश्न

वॉकथ्रू, म्हणजे गेम पूर्ण कसा करायचा ते पायरीपायरीने सांगणारं गाइड, लिहिण्याबद्दल नागपूर आणि आसपासहून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच मुद्द्याभोवती फिरतात : गेममधला सोबती (खेळाडूबरोबर फिरणारं पात्र) ज्या हिंट देतो, त्यांवरून गाइडची मांडणी करता येते का? त्यातली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या गेमिंग ग्रुपने मराठीत वॉकथ्रू लिहायला घेतला आहे. प्रकरणं लेव्हलप्रमाणे पाडली, पण अडकलेल्या माणसाला नेमकी जागा सापडत नाही. सोबत्याच्या हिंटप्रमाणे मांडणी केली तर फरक पडेल का? (धरमपेठ)

पडेल, पण लेव्हलची प्रकरणं मोडू नका. अडकलेल्याला आपण कुठल्या खोलीत आहोत हे सांगता येत नाही, कारण बहुतेक गेम खोल्यांना नावंच देत नाहीत. शेवटचं कानावर पडलेलं वाक्य मात्र त्याला आठवतं. म्हणून मुख्य मजकूर लेव्हलप्रमाणेच ठेवा आणि त्याच्या आधी एक हिंट-सूची जोडा. वाचक वाक्य शोधेल, समोरची खूण पाहील आणि त्या परिच्छेदावर जाईल. गाइड साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल तर प्रत्येक परिच्छेदाला चौकटी कंसात एक खूण द्या, उदाहरणार्थ [झाड-07]. फाइलमध्ये शोधलं की ती सूचीत एकदा आणि मजकुरात एकदा, अशी दोनच ठिकाणी सापडली पाहिजे.

सूचीला सहा रकाने पुरतात : खूण, बोलणारा, ओळीचे पहिले चार-पाच शब्द, ओळ कशामुळे येते, एकदाच येते की पुन्हा पुन्हा, आणि कधी बाद होते. दुसऱ्या रकान्याला ‘सोबती’ न म्हणता ‘बोलणारा’ म्हणा. कारण ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये (1998) दिसतं. तिथे नावी नावाची परी खेळाडूची सोबतीण असते. पहिल्याच लेव्हलमध्ये, म्हणजे डेकू ट्री या झाडाच्या आत, बॉसच्या (लेव्हलच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या) दाराआधी तीन डेकू स्क्रब, म्हणजे बिया फेकणारे शत्रू, उभे असतात. त्यांचं कोडं फोडणारी हिंट नावी देत नाही, तुम्ही आधी हरवलेला एक स्क्रब देतो. सूची फक्त नावीच्या नावाने केली असती तर ही ओळ निसटली असती.

उत्तर एकदम देऊ नका, तीन पायऱ्यांत द्या. वरचंच उदाहरण घेऊ. पहिली पायरी : हरलेला स्क्रब जे बोलला त्यात आकडे आहेत, ते लिहून घ्या. दुसरी : तिघांना ठरावीक क्रमानेच पाडायचं, क्रम चुकला की ते पुन्हा उभे राहतात. तिसरी : त्यांच्याकडे तोंड करून डावीकडून 1, 2, 3 धरा, क्रम 2, 3, 1, म्हणजे मधला, उजवा, डावा, ढाल धरून त्यांच्या बिया त्यांच्यावरच परतवा. पहिल्या पायरीवर निम्मे लोक सुटतात असं गृहीत धरून लिहा आणि तिसरी पायरी पान उलटल्याशिवाय दिसणार नाही अशी छापा. 1980च्या दशकात इन्फोकॉम कंपनी ‘इन्व्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका विकायची. त्यात उत्तरं अदृश्य शाईत छापलेली असत आणि सोबतच्या पेनाने एकेक ओळ उघडायची. गंमत म्हणजे त्यात काही प्रश्न मुद्दाम खोटे असत, नुसती प्रश्नांची यादी चाळून गोष्ट फुटू नये म्हणून. तुमच्या सूचीलाही तोच धोका आहे. शेवटच्या लेव्हलमध्ये कोण बोलतो हे सूचीत दिसलं, तर कोण जिवंत राहतो तेही कळतं. म्हणून सूची प्रकरणवार तोडा, अख्ख्या गेमची एकत्र देऊ नका.

प्रश्न : ओळी गोळा करताना तीच हिंट एकदा येते, दुसऱ्यांदा येत नाही. नोंद घ्यायची कशी? (मानेवाडा)

ओळ कशामुळे सुटते ते आधी ओळखा. साधारण पाच प्रकार असतात : विशिष्ट जागी पाय ठेवला की, काही वेळ पुढे सरकला नाहीत की, अमुक वेळा मेलात की, कॅमेरा एखाद्या वस्तूवर स्थिरावला की, आणि बटण दाबून मागितली की. नावीमध्ये यातले बरेच प्रकार एकत्र आहेत. ती हिरवी होऊन एखाद्या जागेकडे उडते, ती जागेची खूण. शत्रूवर लक्ष्य धरून सी-अप बटण दाबलं की ती त्या शत्रूबद्दल सांगते. गोहमा बॉसचा डोळा लाल असतानाच घाव लागतो, हे तिच्याकडूनच कळतं. आणि बराच वेळ भलतीकडे भटकलात की ती हाक मारून पुढच्या कामाची आठवण देते.

नोंदीसाठी गेम निदान दोनदा खेळावा लागतो. पहिल्या फेरीत सबटायटल चालू, हिंटची सेटिंग सर्वांत जास्त, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. निन्टेन्डो स्विचचं कॅप्चर बटण दाबून धरलं तर फक्त मागचे 30 सेकंद मिळतात, म्हणजे वेळेवर सुटणाऱ्या हिंटसाठी ते निरुपयोगी. प्लेस्टेशन 4 (पीएस4) नेहमीच्या सेटिंगमध्ये मागची 15 मिनिटं ठेवतो, ती 60पर्यंत वाढवता येतात. पीसीवर ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मर्यादा फक्त डिस्कमधल्या जागेची.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोड्यापाशी सेव्ह करा. आधी पाच मिनिटं नुसते उभे राहा. चेकपॉइंटवरून (गेम आपोआप जिथून पुन्हा सुरू करतो त्या जागेवरून) परत या आणि पाच मिनिटं मुद्दाम चुकीची गोष्ट करत राहा. दोन्ही वेळा ओळ आली तर ती वेळेवर आहे. फक्त दुसऱ्यांदा आली तर चुकांवर आहे, किंवा कंट्रोलर हलल्याशिवाय गेम वेळच मोजत नाही. ही शक्यता काढायची तर तिसऱ्यांदा कोड्याला हात न लावता खोलीत नुसतं फिरा. परत आल्यावर ओळ वाजलीच नाही तर ‘एकदाच’ असं लिहा, आणि पुढच्या चाचणीसाठी चेकपॉइंटऐवजी जुनं सेव्ह वापरा.

लढाईतली आरडाओरड सूचीत घेऊ नका. ‘मागून आला!’ छापाच्या ओळी शंभर ठिकाणी वाजतात आणि त्यांनी सूची फुगते.

प्रश्न : राजेहो, गाइडमधे लिहिलेली ओळ माह्या गेममधे येतच नाही. काहून? (काटोल)

चार कारणं तपासा, याच क्रमाने.

पहिलं, आवृत्ती. ‘झेल्डा’ मालिकेतलाच ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ 2011मध्ये निन्टेन्डोच्या वी कन्सोलवर आला तेव्हा फी ही सोबतीण पावलोपावली मध्ये बोलायची. 2021च्या एचडी आवृत्तीत तिचं बरंचसं बोलणं ऐच्छिक झालं. जुनं गाइड हाती धरून नवा गेम खेळलात तर अर्ध्या ओळी येणारच नाहीत. उलटही होतं : ‘ऑकारिना’च्या निन्टेन्डो 3डीएसवरच्या आवृत्तीत (2011) शीका स्टोन नावाच्या दगडावरून हिंटची चित्रफीत दिसते, ती मूळ गेममध्ये नाहीच.

दुसरं, सेटिंग. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ 2022मध्ये आला तेव्हा खेळाडूने कोडं नीट पाहण्याआधीच सोबती उत्तर बोलून मोकळे होतात, अशी ओरड झाली. पुढे हिंट कमी करायची सोय सेटिंगमध्ये आली. गाइड लिहिणाऱ्याने पहिल्याच पानावर मशीन, आवृत्ती क्रमांक आणि हिंटची सेटिंग लिहिलीच पाहिजे. बहुतेक जण लिहीत नाहीत.

तिसरं, सोबत कोण आहे. त्याच ‘रॅग्नारोक’मधला एखादा आडवाटेचा भाग नायकाचा मुलगा अत्रेयस याच्याबरोबर करता येतो आणि नंतर फ्रेया या दुसऱ्या सोबतिणीबरोबरही. कोडं तेच, बोलणारा वेगळा, शब्द वेगळे. त्याआधीच्या 2018च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये अत्रेयस आजारी पडतो तेव्हा काही काळ तो सोबत नसतोच. म्हणून खूण कोड्याला द्यायची, माणसाला नाही. एकाच खुणेखाली दोघांच्या ओळी लिहा.

चौथं, फासे. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये (2023) लपलेला सापळा किंवा पुरलेली पेटी दिसते की नाही हे पार्टीतल्या (खेळाडूच्या टोळीतल्या) प्रत्येकाच्या आपोआप पडणाऱ्या फाशावर ठरतं. सगळ्यांचे फासे फसले तर कोणी काही बोलणार नाही. अशा नोंदीसमोर ‘फासा’ लिहा आणि ओळीवर विसंबू नका, जागेची खूण द्या : कुठल्या पुलाच्या कुठल्या बाजूला, कुठल्या झाडाखाली. आणि पेटी पुरलेली असेल तर फावडं सोबत हवं, हेही लिहा.

प्रश्न : सोबती खोटं बोलत असेल तर? सूचीत ‘खोटं’ लिहिलं की मजा जाते, नाही लिहिलं तर वाचक फसतो. (सक्करदरा)

‘अंडरटेल’मध्ये (2015) सुरुवातीलाच फ्लॉवी नावाचं फूल मैत्रीचे दाणे झेलायला सांगतं आणि ते झेलले की जीव कमी होतो. तिथे इशारा देऊ नका. तो धक्का लेखकाने मुद्दाम ठेवलाय आणि त्यात गेम वाया जात नाही. नियम असा ठेवा : खोट्याने सेव्ह बिघडत असेल, वस्तू कायमची हातची जात असेल किंवा शेवट बदलत असेल, तरच पहिल्या पायरीत ‘आधी वेगळं सेव्ह करा’ एवढं लिहा. का, ते तिसऱ्या पायरीत.

प्रश्न : ‘मेटल गिअर सॉलिड’ची जुनी डिस्क कव्हरशिवाय मिळाली. गेममधल्या मेरिल या पात्राशी बोलायला लागणारा कोडेक (गेममधला रेडिओ) नंबर सीडीच्या कव्हरमागे आहे म्हणतात. आता? (सीताबर्डी)

140.15. हिंट गेमच्या बाहेर असेल तिथे पायऱ्या लावत बसू नका, उत्तर थेट छापा.

प्रश्न : पुण्याच्या नॉडिंग हेड्स या गेम स्टुडिओचा ‘राजी’ आणि ‘द लास्ट गार्डियन’ यांच्यासाठी अशी सूची करावी का? (प्रतापनगर)

‘राजी’साठी (2020) गरज नाही. त्यात दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात, पण त्यांचं बोलणं बहुतांशी कथेचं. लेव्हलप्रमाणे लिहा. ‘द लास्ट गार्डियन’मधला (2016) सोबती, ट्रिको नावाचा प्रचंड प्राणी, बोलत नाही, बघतो. तिथे ‘ओळ’ रकान्याच्या जागी ‘नजर’ लिहा : मान कुठल्या दिशेला, समोर काय. प्रत्येक नोंदीला एक स्क्रीनशॉट जोडा, शब्दांत तो कोन नीट उतरत नाही.

प्रश्न : गेम इंग्रजीत, आमचे वाचक सहावी-सातवीतली मराठी माध्यमाची मुलं. सूचीत ओळ कुठल्या भाषेत द्यायची? (हिंगणा)

ओळीचे पहिले चार शब्द जसे ऐकू येतात तसे देवनागरीत, त्याखाली एका वाक्यात मराठी अर्थ. अख्खा संवाद उतरवू नका. सूची अनावश्यक लांबते, आणि तो मजकूर गेम बनवणाऱ्यांच्या मालकीचा असतो. क्रम बाराखडीने लावा, पण ‘हे’, ‘लुक’, ‘ब्रदर’ असे शब्द आधी गाळून, नाहीतर अत्रेयस आणि मिमिर (‘गॉड ऑफ वॉर’मधला दुसरा सोबती) यांच्या पन्नास ओळी एकाच अक्षराखाली गोळा होतील.