तीस पानं, पण नमुने तीनच?

प्रश्न : मी जीवशास्त्राच्या ऑनर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आतापर्यंत नोट्सवर चांगले गुण मिळाले. आता दर आठवड्याला सेमिनारसाठी एक शोधनिबंध वाचून जायचं असतं. सगळा वाचते, रेघा मारते. पण सरांनी ‘तुला हे पटलं का?’ असं विचारलं की काहीच सुचत नाही. शिवाय प्रकल्पात मी खत घातलेल्या तीन आणि न घातलेल्या तीन कुंड्यांतली प्रत्येकी दहा पानं मोजली. गाइड म्हणतात, एका बाजूचे नमुने तीस नाहीत, तीनच आहेत. मग मेहनत वाया गेली का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : वाया गेली नाही, पण गाइडचं म्हणणं बरोबर आहे. तुझे दोन्ही प्रश्न एकाच जुन्या शोधनिबंधाने सुटतात, म्हणून तोच घेऊ : साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक, १९४३.

बॅक्टेरियांवर त्यांना मारणारा विषाणू सोडला की बहुतेक मरतात, मोजके तगतात. ही प्रतिकारक्षमता विषाणूशी गाठ पडल्यावर येते, की उत्परिवर्तनामुळे (जनुकांत आपोआप झालेल्या बदलामुळे) काहींत आधीच असते? इतकं वाचलंस की निबंध मिटून ठेव. पहिलं खरं असेल तर आकडे कसे दिसतील आणि दुसरं खरं असेल तर कसे, ते स्वतः लिहून काढ. माझ्या वर्गात मुलं यावर कुरकुर करायची. रेघा मारणं सोपं असतं ना!

विषाणू भेटल्यावरच बदल होत असेल, तर प्रत्येक बॅक्टेरियाला तगण्याची सारखीच लहानशी संधी. मग वेगवेगळ्या नळ्यांत वाढवलेले बॅक्टेरिया विषाणू असलेल्या प्लेट्सवर (उथळ बशांवर) पसरले, तर तगलेल्यांचे आकडे जवळपास सारखे यावेत. बदल आधीच होत असेल, तर एखाद्या नळीत तो लवकर घडून वंश वाढत गेलेला असेल, दुसरीत अगदी शेवटी घडला असेल. मग कुठे शून्य, कुठे शेकडो. प्रत्यक्षात आकडे असेच विखुरलेले आले.

पण ‘पटलं का?’चं उत्तर याच्या पुढे आहे. हा विखुरलेपणा प्लेटवर पसरण्यातल्या किंवा मोजण्यातल्या गडबडीमुळे नसेल कशावरून? ही शंका त्यांनाही होती. म्हणून त्यांनी एकाच मोठ्या कल्चरमधूनही (एकत्र वाढवलेल्या बॅक्टेरियांतूनही) बरेच नमुने काढून तसेच मोजले. ते आकडे एकमेकांच्या जवळ आले. त्यांचं प्रचरण (व्हेरियन्स, म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याचं माप) सरासरीइतकंच होतं, निव्वळ योगायोगाने व्हावं तेवढं. हे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी केलेली ही चाचणी, झाकून निबंध पुन्हा वाच. निष्कर्ष किती लंगडा पडतो ते कळेल. सेमिनारमध्ये बोलायचं ते हेच : कुठलं कंट्रोल काढलं तर दावा कोसळतो? आणि कुठलं असायला हवं होतं, पण नाही? निबंधाच्या शेवटची चर्चा सगळ्यात शेवटी वाच, नाहीतर लेखकाचंच मत तुला आपलं वाटू लागतं.

आता तुझ्या कुंड्या. एका कल्चरमधून दहा नमुने काढले म्हणून दहा कल्चर होत नाहीत. एका कुंडीतल्या दहा पानांची माती एक, मुळं एक, पाणी एक. त्यांच्यावरून त्या कुंडीची सरासरी नीट कळते, खताचा परिणाम दहापट पक्का होत नाही. खत तू कुंडीला घातलंस, पानाला नाही. म्हणून नमुना कुंडी. पर्यावरणशास्त्रात स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ (खोटी पुनरावृत्ती) असं नाव दिलं आणि छापून आलेल्या कितीतरी अभ्यासांत ती दाखवून दिली. तेव्हा तू एकटी नाहीस.

प्रत्येक कुंडीची सरासरी काढ आणि तीन विरुद्ध तीन अशी तुलना कर. मिक्स्ड मॉडेल (एकाच गटातली मोजमापं एकमेकांशी जोडलेली आहेत हे धरणारी संख्याशास्त्रीय पद्धत) शिकवलं असेल तर कुंडी हा रँडम इफेक्ट, म्हणजे असा गट, म्हणून घे, पण त्याने कुंड्या वाढत नाहीत. वेळ उरला असेल तर पानं कमी मोज, कुंड्या वाढव. आणि एक सांग, खताच्या तिन्ही कुंड्या खिडकीकडे आणि बाकीच्या भिंतीकडे होत्या का? तसं असेल तर आधी गाइडना सांग. मग दिसलेला फरक खताचा की उजेडाचा, हे कुठल्याच सरासरीने कळणार नाही. नव्याने चिठ्ठ्या टाकून कुंड्या मांडाव्या लागतील.