आरशासमोरची कंडक्टर

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. सात वर्षं पियानो शिकते आहे. गेले सहा महिने सिंफनीचं रेकॉर्डिंग लावून आरशासमोर हातवारे करत असते आणि ‘मला ऑर्केस्ट्राची कंडक्टर व्हायचंय’ म्हणते. याची पदवी असते का? बारावीनंतर लगेच प्रवेश मिळतो का? आणि खरं सांगा, यात पोट भरतं का?
– एक आई

उत्तर : ताई, पदवी असते. व्हिएन्नातलं संगीत विद्यापीठ, हेलसिंकीची सिबेलियस अकादमी ही त्यातली मोठी नावं. युरोपात काही ठिकाणी बारावीनंतरही दार उघडं असतं. अमेरिकेत हा विषय बहुतेक करून पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. जागा मात्र सगळीकडेच मोजक्या. परीक्षक पियानो ऐकतात, कान तपासतात आणि शेवटी वादक समोर बसवून ‘यांच्याकडून वाजवून घे’ म्हणतात. आरशासमोरच्या सरावाचा तिथे काही उपयोग होत नाही, कारण रेकॉर्डिंग तुमच्या लेकीच्या हाताकडे बघत नाही. तिचा ठोका चुकला तरी बेथोव्हन वेळेवरच सुरू होतो! आपण ऑर्केस्ट्रा चालवतोय असं तिला वाटतं, प्रत्यक्षात तीच त्याच्यामागून चाललेली असते.

एक प्रयोग करून बघा. बेथोव्हनची पाचवी सिंफनी घ्या. तिची ती सुरुवात सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते, पण पहिल्या स्वराआधी एक छोटासा विराम छापलेला आहे, हे स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र छापलेली स्वरलिपी) उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे कंडक्टरचा पहिला ठोका पडतो तो शांततेवर, आणि त्यापाठोपाठ सगळे तंतुवादक आणि दोन क्लॅरिनेट एका क्षणी सुटायला हवेत. किती जलद आणि किती जोरात, हे ठोक्याआधी हात वर उचलतानाच सांगून व्हावं लागतं. खाली आल्यावर सांगून उपयोग नाही. तिच्यासमोर तीन जणांना बसवा. तिने तोंडातून शब्द न काढता फक्त हाताने इशारा द्यायचा आणि तिघांनी टेबलावर एकदम टकटक करायची. पहिल्यांदा हमखास फज्जा उडतो. तेव्हा ती त्या तिघांवर चिडते की आपला हात कसा उचलला गेला हे आठवून बघते, यावर लक्ष ठेवा. मला तिच्या मार्कांपेक्षा त्यावरून जास्त कळेल.

आता स्कोअरबद्दल. त्याच सिंफनीत क्लॅरिनेटसाठी कागदावर ‘ए’ लिहिलेला असतो, ऐकू येतो ‘जी’, म्हणजे लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली. व्हायोलाची स्वरलिपी पियानोवाल्यांना सवय नसलेल्या क्लेफमध्ये (ओळींवरचे स्वर कोणते ते ठरवणाऱ्या खुणेत) असते. हे सगळं एका नजरेत वाचून पियानोवर उतरवता यायला हवं. पियानो येतो ही तुमच्या लेकीची भक्कम बाजू आहे. ऑपेरा हाउसमध्ये गायकांच्या तालमी पियानोवर घेणारे साथीदार असतात. जर्मनी-ऑस्ट्रियात कित्येक कंडक्टर त्या नोकरीतूनच वर आले.

पण पियानो वाजवणारं मूल बहुतेक वेळा एकटंच वाजवत वाढतं. म्हणून माझा आग्रह आहे की तिने ऑर्केस्ट्रातलं एखादं वाद्य धरावं, मग अगदी मागच्या रांगेत बसायला मिळालं तरी चालेल. जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता व्हिएन्नात शिकत असताना डबल बास वाजवत. सायमन रॅटल तालवाद्यांकडून आले. तोस्कानिनी तर चेलोवादक म्हणूनच दौऱ्यावर गेले होते. १८८६ मध्ये रिओ दि जानेरोत ‘आयदा’ या ऑपेराच्या प्रयोगाला ऐनवेळी त्यांना कंडक्टर म्हणून उभं केलं, तेव्हा वय १९, आणि अख्खा ऑपेरा त्यांना पाठ होता. वाद्य जमेपर्यंत समूहगायनात तरी तिला घाला.

पोटाचं म्हणाल तर ऐंशी-शंभर वादकांमागे मुख्य कंडक्टर एकच असतो, तोही काही वर्षांच्या करारावर. सुरुवातीला सहायक म्हणून तालमीत सभागृहात बसायचं आणि ब्रासखाली (पितळी फुंकवाद्यांखाली) व्हायोलिन दबतात का ते सांगायचं. जोडीला समूहगायनाचे गट, विद्यार्थ्यांचे ऑर्केस्ट्रा, शिकवण्या. तिशी उलटेपर्यंत उत्पन्न डळमळीतच धरून चाला. मात्र वयाची घाई या पेशात नाही. हर्बर्ट ब्लूमस्टेट नव्वदी ओलांडूनही कंडक्ट करत राहिले.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मुलीची आई म्हणून मनात असेल : हे क्षेत्र बायकांसाठी फार उशिरा उघडलं. मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्राची सूत्रं पहिल्यांदा एका स्त्रीकडे आली ती २००७ मध्ये, बाल्टिमोरमध्ये मरिन ऑलसप यांच्याकडे. आता चित्र बदलतंय, तरी तिला दोनदा सिद्ध करावं लागेल असं गृहीत धरा.

तेव्हा यंदा कंडक्टिंगचे फॉर्म शोधत बसू नका. पदवीला पियानो आणि संगीतशास्त्र घेऊ द्या, सोबत दुसरं वाद्य, आणि मिळेल तिथे चार जण जमवून त्यांच्यापुढे उभं राहणं. कंडक्टिंगच्या प्रवेशाचा विचार तीन-चार वर्षांनी करू.

आणि टेबलाच्या प्रयोगाला तिसरं माणूस मिळालं नाही, तर तुम्हीच बसा.